काळी फुगते, काळी भेगाळते: गाळ टाकण्याआधी, माळ फोडण्याआधी आणि पाया काढण्याआधी एवढं वाचा

उन्हाळा लागला की आपल्या भागात तीन कामं एकदम सुरू होतात. तलावातला गाळ उपसून रानात टाकणं, जेसीबी लावून माळ फोडणं आणि घराचा पाया काढणं. तिन्ही कामांत पैसा जातो, बऱ्याचदा उसना किंवा कर्जाचा. आणि तिन्हींचा निकाल लागतो तो खालच्या मातीवर.

बातम्यांच्या निमित्तानं सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, करमाळा या बाजूला फिरताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात. दोन वर्षांत घराला तडा का गेला? शेजाऱ्याच्या बरड रानात गवत उगवलं आणि माझं काळं रान कोरडंच का? पाणी भरपूर दिलं तरी ऊस पिवळा का? प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण सगळ्यांची मुळं काळ्या मातीच्या स्वभावात आहेत. तो स्वभाव कुठनं आला ते आधी बघू.

दगड एकच, माती दोन

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. विहीर खणताना लागतो तो कातळ, घराच्या जोत्याला लावतो तो घडीव दगड, रस्त्याची खडी, सगळं तेच. याला बेसाल्ट म्हणतात. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा डोंगर आणि वरून धूर, असा हा ज्वालामुखी नव्हता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि आजूबाजूच्या राज्यांचा काही भाग धरून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक आहे. बालाघाटच्या डोंगराकडे लांबून बघितलं तर पायऱ्या दिसतात. ते या थरांचेच कडे.

विहीर खणणाऱ्यांना हे थर आपल्यापेक्षा जास्त कळतात. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ. मध्येच कधी तांबड्या गेरूसारखा पट्टा लागतो. एक लाव्हा थंड होऊन बराच काळ गेला, त्याच्या माथ्यावर थोडी माती तयार झाली आणि वरून दुसरा लाव्हा आला, की ती माती भाजून लाल होते. तो हा पट्टा.

या दगडात चुना (कॅल्शियम), मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. वाळू होण्यासारखी गार त्यात जवळजवळ नसते. म्हणून बेसाल्ट कुजला की वाळू होत नाही, चिकणमाती होते. नवीन रस्त्याच्या कटिंगमध्ये बघा, दगडाचे गोटे कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटताना दिसतील. आतला गाभा अजून काळा टणक आणि बाहेरचे पापुद्रे हातानं चुरतात. दगडाची माती होते ती अशी, आणि एक इंच थर व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आता गंमत अशी, की हाच दगड महाबळेश्वरला आणि कोकणातही आहे, पण तिथली माती तांबडी. तिथं पाऊस इतका की चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन जातं आणि मागं लोह उरतं. त्याचा जांभा होतो. आपल्याकडं पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. त्यामुळं धुऊन न्यायला पाणीच पुरत नाही. चुना जागेवरच राहतो, म्हणून रानात पांढरे खडे सापडतात. सिलिका आणि मॅग्नेशियमही राहतं, आणि त्यातून एक खास प्रकारची चिकणमाती तयार होते. शास्त्रात तिला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. नाव जड आहे, पण आपल्या सगळ्या सुखदुःखाचं कारण तेच आहे. शाळेच्या पुस्तकात या जमिनीला रेगूर म्हणतात, तेलुगूतल्या ‘रेगड’वरून आलेला शब्द. आपल्याकडं तसं कुणी म्हणत नाही. आपली ती काळी.

एक गैरसमज इथंच मिटवू. काळा रंग म्हणजे कस, असं नाही. आपल्या कोरडवाहू काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आतच निघतो. रंग येतो तो थोडासा सेंद्रिय अंश चिकणमातीला घट्ट चिकटून बसल्यानं आणि दगडातल्या काळ्या लोहखनिजामुळं. ‘रान काळंभोर आहे, शेणखत कशाला’ असं म्हणणाऱ्यानं एकदा माती तपासून बघावी.

एका ग्रॅममध्ये सात गुंठे

चिकणमातीचा कण वहीसारखा असतो, पातळ पानांवर पानं. बाकीच्या मातींत ही पानं चिकटलेली असतात. आपल्या काळीत ती सुटी असतात, आणि दोन पानांच्या मध्ये पाणी शिरतं. पाणी शिरलं की वही फुगते, वाळली की मिटते. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची सगळी पानं उलगडून अंथरली तर सात-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे सात-आठ गुंठे. भारी काळ्या रानात निम्म्याहून जास्त भाग असल्या बारीक चिकणमातीचा असतो. एवढ्या पृष्ठभागावर पाणी आणि अन्नद्रव्यं धरली जातात. काळीची ताकद ती हीच, आणि खोडही हीच.

मार्च-एप्रिलमध्ये भेगा पडतात त्या याच कारणानं. बोटभर रुंद आणि हातभर खोल भेग तर साधी गोष्ट. खोल रानात त्या मीटरभराच्याही खाली जातात. वरची भुसभुशीत माती, काटक्या, कडब्याचा चुरा त्या भेगेत पडत राहतो. पावसाळ्यात खालची माती फुगते, तेव्हा भेगेत पडलेल्या मातीला जागा पुरत नाही. मग सगळं एकमेकांना रेटतं आणि खालची माती तिरपी वर सरकते. असं वर्षानुवर्षं चालतं. आपण न नांगरताच जमीन स्वतःला हळूहळू उलथत असते. या प्रकारच्या जमिनीला जगभर ‘व्हर्टिसोल’ म्हणतात, ते लॅटिनमधल्या ‘उलटणं’ या शब्दावरूनच. ऑस्ट्रेलियात, सुदानमध्ये, इथिओपियात, अमेरिकेच्या टेक्सासमध्येही अशा जमिनी आहेत.

खात्री करायची असेल तर शेततळं खणताना बाजूची भिंत बघा. दोन-तीन फुटांखाली आरशासारखे चकचकीत, तिरपे, रेघा ओढल्यासारखे पृष्ठभाग दिसतात. मातीचे मोठे ढेप एकमेकांवर घासून झालेली ती झिलई आहे. कुंपणाचे खांब कलतात, पाइपलाइनचा जोड भर उन्हाळ्यात सुटतो आणि आपण प्लंबरला शिव्या देतो. प्लंबरचा दोष असेलही, पण जमीन हलतेय हे आधी लक्षात घ्या.

माळ आणि मेंढरं

आपल्याकडची जमीन उतारावर वाटली गेलीय. माथ्यावर बरड, म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. मधल्या उतारावर मध्यम. ओढ्याकाठी खोल काळी. माथ्यावरची बारीक माती हजारो वर्षं वाहून खाली साठत आली, त्याचा हा परिणाम. माळावरही खोलगट जागी काळीचे तुकडे सापडतात.

वळवाचा एक हलका पाऊस झाला, समजा पंधरा मिलिमीटर, की बरड माळ आठवड्यात हिरवा दिसायला लागतो. शेजारचं खोल काळं रान मात्र तसंच. कारण काळी पाणी धरते तशी ती सहजासहजी सोडत नाही. पीक सुकून गेलेलं असतानाही शंभर किलो काळ्या मातीत पंधरा-वीस किलो पाणी असू शकतं, पण ते पानांच्या मध्ये इतकं घट्ट बसलेलं असतं की मुळाला ओढून घेता येत नाही. हलक्या पावसात आधी ही उधारी भागते आणि उरलेलं वरच्या दोन-तीन इंचातच राहून उन्हानं उडून जातं. मुरमात तेच पाणी खाली शिरतं आणि गवताला लगेच मिळतं. म्हणजे कमी पावसात हलकी जमीन पुढं आणि भरपूर पावसात काळी पुढं. मेंढपाळाला हे कुणी पुस्तकातनं शिकवलेलं नाही. पावसाळ्यात कळप माळावर असतो आणि सुगी झाल्यावर काळ्या रानात बसायला येतो. ओल्या काळीत मेंढरांच्या खुरांत चिखल बसून पाय सडतात, आणि कडक उन्हाळ्यात कोवळ्या कोकराचा पाय भेगेत अडकून मोडतो, हीसुद्धा त्यामागची कारणं आहेत.

झाडाचंही तसंच. भेगा पडताना बारीक मुळं अक्षरशः तुटतात, म्हणून नवीन रोप काळीत टिकवणं अवघड. बाभूळ तग धरते, बाकीची झाडं कमीच. अशी जमीन मोकळी सोडली तर मूळची गवताची. भारी काळ्यात मारवेल चांगलं येतं, मुरमाड माळावर पवन्या, शेडा. चराई जास्त झाली की ही गोड गवतं आधी संपतात आणि कुसळ, तरवड मागं उरतात. तुमच्या माळावर आता काय उगवतंय ते बघितलं तर माळाची तब्येत कळते. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं ते अशाच गवताळ माळावर. माळढोक आता दिसणं दुर्मिळ झालंय, पण काळवीट आणि लांडगे अजून आहेत. ‘पडीक’ असं सातबाऱ्यावर लिहिलं म्हणून माळ रिकामा होत नाही.

पाण्याचा हिशेब आणि शाळू

काळी रानात पाणी साठतं किती? साधारण हिशेब असा, की एक मीटर खोल भारी काळीत पिकाला वापरता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. एक फूट खोलीच्या रानात पन्नास-साठ. म्हणजे खोल रान ही तुमची टाकी आहे. सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून जुनी माणसं खोल काळ्या रानात खरिपाच्या नादाला लागत नव्हती. रान पावसाळाभर मोकळं ठेवून टाकी भरायची आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर शाळू पेरायचा. पुढं पाऊस नाही आला तरी साठलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर पीक निघायचं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते या खोल काळीमुळंच. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केल्याची गोष्ट आपण ऐकत आलोय. कोठारं भरायला आधी असली जमीन लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आपण सगळे पेरतो तो मालदांडी ३५-१ मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेला आहे, १९३० च्या दशकात.

टाकी भरायची कशी, हा खरा प्रश्न. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली जातं, ते फायद्याचं. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरच पाणी मुरतं, कधी त्याहून कमी. मग जोराचा पाऊस आला की पाणी वाहतं आणि सोबत माती नेतं. ओढा तांबडा-काळा वाहताना दिसतो ते तुमचंच रान आहे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रानात सहा बाय सहा किंवा दहा बाय दहा मीटरचे बंदिस्त वाफे पाडून ठेवायचे. पाणी जागेवर थांबतं आणि मुरायला वेळ मिळतो. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची ही जुनी शिफारस आहे. एका दिवसाचं काम आहे, तरी बांधावरनं बघितलं तर दहात दोन रानांत वाफे दिसतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

पेरणीनंतर भेगा पुन्हा पडायला लागतात आणि भेगेतून ओल उडते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते यासाठीच. पेरणीपासून तिसऱ्या आठवड्यात पहिली, पाचव्यात दुसरी आणि आठव्या आठवड्यात तिसरी कोळपणी. तिसरी दातेरी कोळप्यानं केली तर भेगा चांगल्या बुजतात. तणनाशक मारून कोळपणी चुकवली तर तण मरेल, पण भेगा तशाच राहतील.

वाणसुद्धा खोली बघून घ्यावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: एक फुटापर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, त्याहून खोल रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. दुकानदार जी पिशवी पुढं करतो ती घेण्याआधी रानात पहार मारून खोली मोजा. माझं ओढ्याकाठचं तीन एकर आणि वरचं दोन एकर बरड यांत एकच बियाणं मी टाकत नाही. वरचं रान जानेवारीत कोरडं पडतं, तिथं लवकर निघणारा वाणच चालतो.

गाळ टाकावा का?

टाकावा, पण कुठं ते बघून. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यापासून गाळाची धावपळ वाढली आहे. तलावातला गाळ म्हणजे वरच्या रानांतून वाहून आलेली बारीक काळीच. मुरमाड रानाला ती परत मिळाली तर चांगलंच. पण हिशेब करा. एका एकरावर एक इंच थर द्यायचा तर ३६ ब्रास गाळ लागतो. चार इंच द्यायचा तर जवळजवळ १४५ ब्रास. एवढं करून साठवण वाढते ती पंधरा-वीस मिलिमीटरनं. म्हणजे पावसानं ताण दिला तर पीक आणखी चार-पाच दिवस तग धरेल. ते चार-पाच दिवस कधी कधी पीक वाचवतात हे खरं. पण ‘गाळ टाकला की बरड सोनं होतं’ असं कुणी सांगत असेल तर वाहतुकीचं बिल हातात घेऊन विचार करा.

गाळ नुसता वर पसरून ठेवला तर त्याचा थापा होतो. पाणी गाळावर थांबतं आणि खाली मुरूम कोरडा. कुळवून, उभं-आडवं करून मुरमात मिसळायला हवा, सोबत शेणखतही. आणि ज्याचं रान आधीच खोल काळं आहे त्यानं गाळ टाकूच नये. निचरा आणखी बिघडतो. ‘शेजाऱ्यानं टाकला म्हणून मी’ हा प्रकार इथं महागात पडतो. जुन्या तलावाच्या तळाचा पांढुरका, खारट गाळ असेल तर तपासल्याशिवाय उचलू नका.

माळ फोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वीतभर माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. जेसीबीनं ती उकरली, दगड वर आणले आणि ताल घातली नाही, तर पहिल्या दोन मोठ्या पावसांत बारीक माती खाली जाते आणि हातात मुरूम राहतो. चाराही गेला आणि रानही झालं नाही. उतार कमी असेल, दीड फुटाच्या वर माती असेल, पाण्याची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

कालव्याचं पाणी

उजनीचं पाणी आलं आणि काळ्या रानात ऊस आला. यात कुणाचं वाईट झालं असं म्हणणार नाही, पोरांची शिक्षणं त्या उसावर झाली. पण काळीला निचरा नाही. पाटानं मोकाट पाणी दिलं की खालची पातळी वर येते, ऊन त्यातलं पाणी ओढून घेतं आणि क्षार वर साठतात. पुढची पायरी जास्त वाईट. चिकणमातीच्या पानांना चुना चिकटलेला असतो तोवर मातीचे दाणे टिकतात. पाण्यातला सोडियम चुन्याची जागा घेतो, तेव्हा दाणे विरघळल्यासारखे सुटे होतात आणि जमिनीचं तोंड बंद होतं. हीच चोपण. ओली असली की साबणासारखी, वाळली की विटेसारखी. सामू साडेआठच्या वर जातो.

खारवट आणि चोपण यांत लोक गल्लत करतात. खारवट रान निचरा करून, चांगलं पाणी सोडून धुता येतं. चोपण नुसतं धुतलं तर आणखी बिघडतं. तिला जिप्सम लागतं, म्हणजे चुना परत जागेवर बसवायला, आणि सोबत चर किंवा पाइपचा निचरा. किती जिप्सम, ते माती परीक्षणाशिवाय सांगता येत नाही. चुनखडी जास्त असेल तर गंधकही चालतो. पांढरे डाग दिसायला लागले त्याच वर्षी हालचाल करा. ठिबक लावलं तर बराच त्रास टळतो.

ऊस, भुईमूग पिवळा पडतो त्याचं कारण मात्र दर वेळी क्षार नसतं. चुनखडीच्या रानात लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हे कारण. युरिया ओतून ते जात नाही.

काळीत घर

आपली जुनी माणसं गावाच्या जमिनीला दोन शब्द वापरायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. घरं शक्यतो माळाच्या कडेला, मुरमावर किंवा जुन्या पांढरीच्या टेकाडावर. भिंत आणि धाब्याचं माळवद पांढऱ्या मातीचं. काळ्या मातीचं माळवद केलं तर ते भेगाळतं आणि पहिल्याच पावसात गळतं. आता गावठाणात जागा नाही, रस्त्याकडेच्या काळ्या रानात प्लॉट पडतात आणि त्यावर घरं उभी राहतात. पावसाळ्यात कडेची माती फुगून भिंत उचलते, उन्हाळ्यात आकसून सोडते. घराच्या मधल्या भागाखाली ओल बदलत नाही, कडेला बदलते. म्हणून तडे कोपऱ्यातून, खिडकीच्या कोनातून तिरपे जातात.

प्लॉट घेण्याआधी एक साधी चाचणी घरी करता येते. चार-पाच फूट खालची माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळा. दोन सारख्या उभ्या काचेच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत मोजून सारखी माती टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेल मिळणं आता अवघड झालंय, पण कपभर पुरतं. चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा. हलवून एक दिवस ठेवा आणि दोन्हीकडं मातीची उंची पट्टीनं मोजा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात चार सेंटिमीटर आणि पाण्यात सहा आली, तर फुगवटा ५० टक्के. इंजिनिअर लोक ५० टक्क्यांच्या वर सावध होतात. प्रयोगशाळेतली चाचणी याच तत्त्वावर चालते, फक्त मोजपट्टीची बाटली आणि चाळणी ठरलेली असते.

माती फुगणारी निघाली तर पर्याय तीन. मुरूम दोन-चार फुटांवर असेल तर पाया मुरमापर्यंत नेऊन टाका, वाद मिटला. मुरूम खोल असेल तर काळी काढून तिथं चांगला, थोडी माती असलेला मुरूम थराथरानं दाबून भरा. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा असा थर फुगवटा रोखतो हे दाखवलं आणि कालव्यांखाली त्याचा वापर झाला. नुसती वाळू भरू नका. वाळूतून पाणी सरळ खाली काळीत जातं. काळी फारच खोल असेल तर खाली कांद्यासारखा फुगवलेला खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, साडेतीन मीटरच्या आसपास नेतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं विकसित केली. खर्च जास्त आहे, लहान घराला परवडेलच असं नाही. पण वरच्या मजल्याचा विचार असेल तर इंजिनिअरला विचारा, गवंड्याला नाही.

घर आधीच उभं असेल तर भोवतीनं चार फूट रुंद फरशी किंवा कोबा करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पन्हळीचं पाणी पाइपनं लांब सोडा. मोठं झाड भिंतीला चिकटून लावू नका, उन्हाळ्यात ते पायाखालची ओल ओढतं. शोषखड्डा न्हाणीच्या भिंतीला लागूनच घेतात, ते सगळ्यात वाईट. काळीत पाणी मुरत नाही, ते पायाखाली पसरतं. खड्डा मुरमाच्या बाजूला, घरापासून जमेल तेवढा लांब घ्या, आणि जागा नसेल तर सांडपाणी पाइपनं परसबागेत काढा.